स्वतःच्याच फ्लॅटची भिंत पाडायला सोसायटीची परवानगी कशाला?

२५ जुलै २०१७ च्या सकाळी घाटकोपरमधली सिद्धीसाई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावरच्या जागेत दुरुस्तीचं काम चालू होतं, त्यात इमारतीच्या खांबांना हात लावला गेला, असा आरोप रहिवाशांनी केला. पोलिसांनी गुन्हाही त्याच आरोपावरून नोंदवला. अशी बातमी आली की चार दिवस प्रत्येक सोसायटीत 'आपल्याकडे कुणी काय फोडलंय' याची चर्चा होते आणि मग विषय मागे पडतो.

एरवी हा प्रश्न अगदी साध्या रूपात समोर येतो. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत काढायची आहे. बाथरूमच्या टाइल्स बदलायच्या आहेत. बाल्कनी बेडरूममध्ये घ्यायची आहे. घर आपलं, हप्ते आपण भरतो, मिस्त्रीही ठरलाय, आणि सेक्रेटरी म्हणतात, "आधी अर्ज द्या." चीड येते. पण या अर्जामागे काय आहे ते कळलं, तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत, आणि कमिटी खरोखरच मनमानी करत असेल तर तिला कुठे धरायचं हेही कळेल.

## आपण नेमकं काय विकत घेतलेलं असतं?

सहकारी गृहनिर्माण संस्थेत, म्हणजे आपण ज्याला सोसायटी म्हणतो तिच्यात, अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने मालकी रीतसर संस्थेला देणं) झाल्यावर जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते. सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट असतं आणि आपल्या फ्लॅटचा ताबा व वापराचा हक्क असतो. तो हक्क विकता येतो, मुलांना देता येतो. मात्र कॉलम (खांब), बीम (तुळया), स्लॅब, बाहेरच्या भिंती, डक्टमधून वर-खाली जाणारे पाइप, गच्ची हे सगळं सामाईक असतं. तुमच्या हॉलच्या कोपऱ्यात उभा असलेला कॉलम तुमच्या हॉलमध्ये आहे, एवढंच. तो तुमचा नाही.

दहीहंडीचा मनोरा डोळ्यांसमोर आणा. खालच्या थरातल्या एकाने 'खांदा माझाच आहे' म्हणून तो जरा सरकवला, तर पडणारा तो एकटा नसतो. इमारतीतला प्रत्येक मजला वरच्यांचं वजन खाली पोचवत असतो आणि ही साखळी कुठून जाते ते भिंतीवरच्या रंगाकडे बघून कळत नाही.

म्हणूनच आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सहकार खात्याने सोसायट्यांसाठी घालून दिलेल्या नमुना नियमावलीत, एक स्पष्ट अट आहे: कमिटीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सभासदाने फ्लॅटमध्ये कसलीही भर घालायची नाही की बदल करायचा नाही. उपविधी म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली संस्थेने स्वीकारलेली आणि निबंधकाकडे नोंदलेली नियमावली. सभासद होताना ती पाळण्याची हमी आपण प्रत्येकाने सही करून दिलेली असते. वाचलेली नसली तरी.

तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असेल, तर फ्लॅटची मालकी थेट तुमच्या नावावर असते. पुण्यात अशा इमारती बऱ्याच आहेत. 'मग आम्हाला कुणाला विचारायची गरज नाही' असं तिथे हमखास ऐकू येतं. प्रत्यक्षात तो कायदा जास्त कडक आहे. इमारतीच्या मजबुतीला किंवा सुरक्षिततेला बाधा येईल असं काम त्यात करताच येत नाही आणि बांधकामात मोठी भर घालायची तर बाकीच्या सगळ्या मालकांची संमती लागते.

## कोणती भिंत पाडता येते?

याचं उत्तर इमारत कशी बांधली आहे त्यावर ठरतं, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

जुन्या, दोन-तीन मजली इमारती पुष्कळदा लोडबेअरिंग असतात. त्यात कॉलम नसतात, जाड भिंतीच वजन पेलतात. अशा घरात भिंत काढणं म्हणजे आधार काढणं. त्यानंतर आल्या आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारती. यात वजन कॉलम-बीम घेतात आणि मधल्या चार-सहा इंची भिंती बहुतेक नुसत्या आडोशाच्या असतात. 'पार्टिशन वॉल आहे, काही होत नाही' हे मिस्त्रीचं वाक्य या इमारतींपुरतं बरेचदा खरं असतं. बरेचदा, नेहमी नाही. तळमजल्यावरच्या दुकानाने समोर मोकळी जागा हवी म्हणून सगळ्याच भिंती काढल्या, तर भूकंपात तोच मजला सर्वांत आधी कोलमडू शकतो, कारण त्या भिंती इमारतीला आडव्या हेलकाव्यात थोडा तरी आधार देत असतात.

गेल्या काही वर्षांतल्या उंच टॉवरची गोष्ट निराळी आहे. त्यातले बरेच अॅल्युमिनियमचे साचे लावून बांधतात. बांधकामवाले त्याला मायवान म्हणतात. यात स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटच्याच ओततात आणि जवळपास प्रत्येक भिंत वजन पेलते. अशा घरात भिंत पाडणं सोडाच, वायरिंगसाठी खोल खाच मारणंही धोक्याचं, कारण आत लोखंडी सळ्या आहेत. जुन्या विटांच्या घरात आयुष्य काढलेला मिस्त्री इथे नेहमीच्या सवयीने ब्रेकर लावतो आणि सळई लागली की कटरने कापून मोकळा होतो. सळई दिसली की काम थांबवायचं आणि इंजिनीअरला बोलवायचं, हे मिस्त्रीला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा. काही टॉवरमध्ये स्लॅबच्या आत ताणलेल्या पोलादी केबल असतात. तिथे तर एसीच्या पाइपसाठी भोक पाडायचं असलं तरी आधी नकाशा बघावा लागतो.

म्हणून भिंतीबाबत निर्णय चेअरमनचा नाही, इंटिरिअर डिझायनरचा नाही आणि तुमचाही नाही. तो स्ट्रक्चरल इंजिनीअरचा, म्हणजे इमारतीचं वजन कसं पेललं जातं याचा हिशोब करणाऱ्याचा. त्याला इमारतीचे आरसीसी नकाशे दाखवा. ते सोसायटीकडे असायला हवेत. नसतील तर तो मुद्दा पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडायलाच हवा.

## फरशी बदलायला कसली आलीय परवानगी?

हा आक्षेप मला सर्वांत स्वाभाविक वाटतो. रंग, टाइल्स, नळ यांत इमारतीचं काय जातं? रंगाचं खरंच काही जात नाही. फरशीचं मात्र वजन असतं, आणि ते आकड्यात मांडल्याशिवाय पटत नाही.

राहत्या घराच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वापराचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरलाय. त्यात माणसं, कपाटं, पलंग सगळं आलं. आता जुनी फरशी न काढता तिच्यावरच दीड-एक इंच माल टाकून ग्रॅनाइट बसवलं, तर चौरस मीटरला सुमारे १३० किलो नवं वजन बसतं. तेही कायमचं. १०० चौरस फुटांच्या खोलीत ते बाराशे किलोच्या घरात जातं. मूळ हिशोबात कॉलम-स्लॅबला काही राखीव ताकद दिलेली असते, त्यामुळे एका खोलीने इमारत पडत नाही. पण इमारत तीस वर्षांची असेल, सळ्या गंजल्या असतील आणि बारा मजल्यांवर बारा जणांनी हेच केलं असेल, तर ती राखीव ताकद आधीच खर्ची पडलेली असते. त्यापेक्षा जुनी फरशी काढून नवी बसवा, किंवा वरच बसवायची तर पातळ टाइल अॅडहेसिव्हने चिकटवा. त्यात वजन चौरस मीटरला ३५ किलोच्या आसपास राहतं.

भिंतीचंही तसंच. भिंत काढताना सगळे घाबरतात, नवी उभी करताना कुणी घाबरत नाही. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली चार इंची विटांची भिंत पूर्ण उंचीला दर मीटर लांबीमागे सातशे किलोच्या आसपास भरते. खाली बीम नसताना ती स्लॅबच्या मधोमध उभी केली तर स्लॅब वाकू लागतो. मोठ्या खोलीचे दोन भाग करायचे असतील तर हलक्या ब्लॉकची किंवा जिप्सम बोर्डाची भिंत घ्या. कामाच्या दिवसांत रेतीच्या गोणी आणि टाइल्सचे खोके खोलीच्या मध्यभागी रचण्याची सवयही तितकीच वाईट. ते भिंतीकडेने, पसरून ठेवायला सांगा.

आणि बाथरूम. सोसायटीतली अर्धी वैरं बाथरूमच्या टाइल्समधून उगवतात. बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा पाऊण ते एक फूट खाली असतो. त्याला संकन स्लॅब म्हणतात. त्या खोलगट भागात वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर पाइप, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि सर्वांत वर टाइल्स असतात. टाइल्स काढताना ब्रेकर चालवला की हादऱ्याने खालचा थर फाटतो. तो डोळ्यांना दिसत नाही. नव्या टाइल्स चकचकीत बसतात, पूजा होते, आणि पुढच्या काही महिन्यांत खालच्या घरात छताला ओल धरते, पोपडे सुटतात, स्लॅबच्या सळ्या गंजतात. अशा आतल्या गळतीची दुरुस्ती ज्याच्या बाथरूममधून ती होते त्यानेच स्वखर्चाने करायची, असं आदर्श उपविधी सांगतात.

यावर उपाय ठरलेला आहे. जुना थर पूर्ण काढून नवं वॉटरप्रूफिंग करायचं आणि टाइल्स लावण्याआधी त्यात पाणी तुंबवून निदान ४८ तास ठेवायचं. या काळात खालच्या शेजाऱ्यांना बोलावून त्यांचं छत त्यांच्यासमोरच तपासा. इतकी साधी गोष्ट करायला मिस्त्री टाळाटाळ करतात, कारण दोन दिवस काम थांबतं. थांबू द्या.

बाथरूम किंवा टॉयलेट दुसरीकडे हलवायचं असेल तर मात्र थेट नकार मिळण्याची तयारी ठेवा. ते कुणाच्या तरी स्वयंपाकघरावर किंवा पलंगावर येतं. तो नकार मला योग्यच वाटतो.

## बाल्कनी खोलीत घेतली तर कुणाचं काय बिघडतं?

बाल्कनी एका बाजूनेच इमारतीला धरलेली असते, दुसरं टोक हवेत. त्यामुळे तिच्या मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या अंगाला, फरशीखाली थोड्याच अंतरावर असतात. खोलीची आणि बाल्कनीची पातळी एक करायला कुणी तिथे जोरात तोडफोड केली तर नेमक्या याच सळ्यांना इजा होते. वर बाहेरच्या कडेला विटांची भिंत उभारली की सगळं वजन टोकावर येतं.

दुसरा भाग हिशोबाचा. भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल याची मर्यादा असते, तिला चटई क्षेत्र निर्देशांक किंवा एफएसआय म्हणतात. कित्येक इमारतींत बाल्कनीचं क्षेत्र त्या हिशोबातून वगळून मंजुरी घेतलेली असते. ती बंद करून खोली केली की मंजूर नकाशापेक्षा बांधकाम वाढलं असा अर्थ निघतो. जुन्या इमारतींत बाल्कनी शुल्क भरून रीतसर बंद केल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणून आधी मंजूर नकाशा बघा. बिल्डरने ताबा देताना तोंडी 'करून घ्या हो' म्हटलं असेल तर त्याला काही किंमत नाही.

खिडकीबाहेर आलेल्या ग्रिलबद्दलही सोसायटी बोलू शकते, कारण बाहेरची भिंत सामाईक आहे. ग्रिल लावाच, पण त्यात आतून उघडणारी खिडकी ठेवा. आग लागली तर अग्निशमन दल तिथूनच तुम्हाला बाहेर काढू शकतं.

## सोसायटीने हो म्हटलं, मग महापालिका कशाला?

ही दोन वेगळी दारं आहेत आणि एक उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही. सोसायटी सामाईक मालमत्तेच्या वतीने बोलते, महापालिका बांधकामाच्या कायद्याच्या वतीने.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार फक्त आतल्या भागापुरत्या आणि बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या कामांना विकास परवानगी लागत नाही. मुंबईत १८८८ च्या महापालिका अधिनियमात टेनंटेबल रिपेअर्स नावाची यादीच आहे. प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, पाइप, नळ, वीजजोडणी बदलणं ही कामं त्यात येतात आणि त्यांना पालिकेची परवानगी लागत नाही. जागेची लांबी-रुंदी-उंची बदलणं, वजन पेलणारी भिंत किंवा कॉलम-बीम काढणं वा बदलणं, जमिनीची पातळी खाली घेणं, पोटमाळा घालणं किंवा वाढवणं ही कामं मात्र या सवलतीत येत नाहीत. दोन फ्लॅट एक करणंही रीतसर मंजुरीचंच काम आहे.

फरशी आणि नळ यांना पालिका लागत नसली तरी सोसायटीचा अर्ज चुकत नाही, हे लक्षात असू द्या. उलट्या बाजूने, कमिटीने बेकायदा कामाला एनओसी (ना हरकत पत्र) दिली म्हणून ते काम कायदेशीर होत नाही. पालिकेची नोटीस तुमच्याच नावावर येते.

नव्या इमारतीत राहत असाल तर आणखी एक गोष्ट. रेरा कायद्याने, म्हणजे बिल्डर आणि ग्राहक यांच्यातल्या व्यवहारांसाठीच्या कायद्याने, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. पण विक्री कराराच्या नमुन्यातच असं कलम असतं की, बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय तोडफोड केली तर ही जबाबदारी संपते. ताबा मिळाल्या मिळाल्या बाथरूम फोडणाऱ्या बहुतेकांनी ते कलम वाचलेलं नसतं.

## अर्जात काय लिहायचं?

'घराचे रिनोव्हेशन करावयाचे आहे, तरी परवानगी मिळावी' एवढ्या ओळीवर कुठलीही शहाणी कमिटी परवानगी देणार नाही, आणि देत असेल तर काळजी करा. अर्ज सेक्रेटरीच्या नावे, मालकाच्या सहीने. भाडेकरूला परस्पर काम काढता येत नाही. खोलीनिहाय कामं लिहा: काय काढणार, काय बसवणार, कुठली भिंत, किती जाडीची. सोबत आताचा आणि प्रस्तावित नकाशा. भिंत, स्लॅब किंवा वजन यांचा संबंध असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचं सही-शिक्क्याचं पत्र, ज्यात त्याने जागा पाहिल्याचं नमूद असेल. ठेकेदाराचं नाव, कामाचे दिवस आणि वेळा, डेब्रिज कोण उचलणार आणि कुठे टाकणार, हेही लिहा.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: तारीख, सही, सोसायटीचा शिक्का. व्हॉट्सअॅप ग्रुपवर चेअरमननी दिलेला अंगठा ही परवानगी नव्हे. परवानगी कमिटीच्या बैठकीत मंजूर होऊन, इतिवृत्तात नोंदली जाऊन लेटरहेडवर मिळायला हवी.

## आणि कमिटी मुद्दाम अडवत असेल तर?

अडवतात. जुनी पार्किंगची भांडणं, मतदानाचा राग, सगळं अशा अर्जावर काढलं जातं. म्हणून नकार आणि त्याची कारणं लेखी मागा. 'आपल्या इमारतीत असं कुणी केलेलं नाही' हे कारण होत नाही. 'दाखवलेल्या भिंतीत बीमचा आधार आहे, इंजिनीअरचा अहवाल द्या' हे कारण आहे आणि त्याला उत्तर देता येतं. मतभेद राहिला तर सोसायटीच्या पॅनलवरच्या इंजिनीअरकडून तपासणी करून घ्यायची तयारी दाखवा. पाच-सात हजारांच्या फीने वर्षभराचं भांडण टळत असेल तर ती द्यावी असं माझं मत आहे.

डिपॉझिट मागितलं तर सर्वसाधारण सभेचा ठराव बघायला मागा. लिफ्ट, जिना, रंग यांच्या नुकसानीसाठी परत मिळणारं डिपॉझिट समजू शकतं. 'बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी' परवानगीच्या बदल्यात मागणं योग्य नाही, आणि पैसे देताना पावती घेतल्याशिवाय देऊ नका.

एवढं करून दाद लागली नाही तर कमिटीच्या कारभाराबद्दल उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. आतली दुरुस्ती आणि गळती यांवरचे वाद सहकार न्यायालयाकडे, तर सभासदाने केलेलं अनधिकृत बांधकाम महापालिकेकडे, अशी विभागणी आदर्श उपविधींतच दिलेली आहे. चुकीच्या दारावर गेलात तर महिनोन् महिने जातात. उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं धरून ब्रेकर मात्र लावू नका.

## 'बाकीच्यांनी केलंच आहे की'

केलेलं असतं. पण त्यांचं बेकायदा काम तुमच्या कामाला कायदेशीर करत नाही. भेदभाव होतोय हा मुद्दा मात्र खरा असू शकतो, आणि तो मांडायचा तर 'सगळ्यांचीच तपासणी करा' असा मांडा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी करायचं, असं आदर्श उपविधींत आहेच. ते होताना प्रत्येक फ्लॅटमधले बदल नोंदवून घ्यायला भाग पाडा.

तुमच्याच घरात पूर्वी, कदाचित आधीच्या मालकाने, असं काम करून ठेवलं असेल तर ते लपवून ठेवू नका. इंजिनीअरला दाखवा. पुष्कळदा त्यातून धोका काहीच नाही एवढंच निघतं, कधी खाली एक पोलादी बीम द्यावा लागतो. घर विकायला काढल्यावर बँकेचा व्हॅल्युएटर मंजूर नकाशा हातात घेऊन येतो, तेव्हा हा विषय निघतोच, आणि तेव्हा घाई समोरच्याला नसते, तुम्हाला असते.

काम संपलं की सोसायटीला लेखी कळवा, पाहणी करून डिपॉझिट परत घ्या आणि परवानगी, नकाशा, इंजिनीअरचं पत्र, वॉटरप्रूफिंगची हमी हे सगळं शेअर सर्टिफिकेटच्याच फाइलमध्ये लावा. भिंती बुजवण्याआधी नव्या पाइप-वायरिंगचे फोटो मेजरिंग टेप धरून काढायला विसरू नका. पुढे गीझर बदलायला आलेला माणूस ड्रिल कुठे लावायचं विचारेल, तेव्हा त्याला तो फोटो दाखवता येईल.